परक्या गावचा विद्यार्थी

परदेशी विद्यापीठात एखादे सत्र शिकून येणाऱ्या विद्यार्थ्याविषयी बोलावयाचे तर ते प्राध्यापकाने बोलावे, अशी श्रोत्यांची समजूत असणे स्वाभाविक आहे. आम्ही विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधी चढलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मस्टर आणि करारनामे वाचता वाचता झाले. इतिहासाची पुस्तके सार्वजनिक वाचनालयातून आणून रात्री वाचली. तरीही हा विषय आम्ही होऊन मागून घेतला. कारण या विद्यार्थ्याचा इतिहास चाळताना आम्हांला पानोपानी ओळखीची माणसे भेटत गेली. घरभाड्यावरून हुज्जत घालणारी, संप पुकारणारी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव सोडणारी, आणि केलेल्या कामाची नोंद व्हावी म्हणून कचेरीच्या खिडकीशी तिष्ठत उभी राहणारी.

त्यांतल्या शेवटच्या माणसापासून आरंभ करू. सोफिया कोर्राडी ही रोमची मुलगी, जन्म १९३४ चा. रोमच्या ला सापियेन्झा विद्यापीठात ती कायद्याचा अभ्यास करीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे पुष्कळ लष्करी सामान परदेशांत पडून राहिले होते. ते विकून येणाऱ्या पैशांतून विद्यार्थ्यांची देवघेव करावी, असा कायदा सिनेटर फुलब्राइट यांनी १९४६ साली करवून घेतला. युद्धातून उरलेल्या मालाचा इतका चांगला सौदा इतिहासात क्वचितच झाला असेल. या योजनेतून सोफिया १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तौलनिक कायद्याचा अभ्यास करून तिने तेथली मास्टरची पदवी घेतली, आणि १९५८ मध्ये ती रोमला परतली. इटालियन पदवीसाठी ज्या परीक्षा राहिल्या होत्या, त्यांत हा अभ्यास धरावा, एवढीच तिची मागणी होती. ती घेऊन ती विद्यापीठाच्या कचेरीत गेली. समोरच्या अधिकाऱ्याने कोलंबियाचे नावही ऐकलेले नव्हते. परदेशी हिंडून यावयाचे आणि वर त्याचे गुण मागावयाचे, अशा सुरात त्याने तिला चारचौघांत झिडकारले. काहीएक धरले गेले नाही. उरलेल्या परीक्षा पुन्हा देऊन तिने १९५९ मध्ये रोमची पदवी मिळविली.

आता यात त्या अधिकाऱ्याचा दोष किती? आम्ही कचेऱ्यांचे उंबरे पुष्कळ झिजविले आहेत. खिडकीमागचा माणूस उर्मट असतो हे खरे, पण बहुधा तो नियमाच्या पुस्तकाचा माणूस असतो. पुस्तकात रकाना नसला की समोर उभा असलेला माणूस त्याला दिसेनासा होतो. त्याच्याशी भांडून घसा कोरडा होतो, एवढेच. रकाना उघडावा लागतो, आणि ते काम त्या खिडकीवर होत नाही.

सोफियाचे गाऱ्हाणे कामगारांना समजावून द्यावे लागत नाही. कंत्राटदार बदलला की मागली नोकरी पुसली जाते. मधे चार दिवस घरी बसवून सेवेत खंड पाडला जातो. एकाच यंत्रावर बारा वर्षे राबलेला माणूस कागदावर पाच-सहा वेळा नवा भरती झालेला आम्ही पाहिला आहे. काम झाले, घाम गाळला, माल विकला गेला, पण वर्षे मात्र मोजली गेली नाहीत. परदेशी शिकलेले सत्र घरी न धरणे हा त्याच जातीचा सेवेतला खंड आहे. त्या मुलीने पुढे या खंडाविरुद्ध काय केले ते सांगण्यापूर्वी मात्र आठशे वर्षे मागे जावे लागेल. परक्या गावचा विद्यार्थी आणि त्याची संघटना, या दोहोंची गाठ प्रथम तिथे पडली.

इटलीतच बोलोन्या म्हणून नगर आहे. तेथील रोमन कायद्याचे अध्यापन बाराव्या शतकात इतके नावारूपाला आले की आल्प्स ओलांडून जर्मन, फ्रेंच, इंग्लिश विद्यार्थी तिथे येऊ लागले. ही सगळी कोवळी पोरे नव्हती. त्यांत वयाने पोक्त, घरचे संपन्न आणि चर्चमध्ये उत्पन्नाच्या जागा असलेलेही होते. पण पैसा असला तरी हक्क नव्हते. त्या काळच्या इटालियन नगरांत कायद्याचे संरक्षण नागरिकाला होते, परक्याला नव्हते. त्यातच एक विलक्षण चाल होती. परदेशी माणूस कर्ज बुडवून पळाला तर सावकाराने त्याच्या गाववाल्याकडून ते वसूल करावे! म्हणजे कोल्हापूरचा एक व्यापारी पैसे बुडवून गेला, तर बाजारात दिसेल त्या कोल्हापूरकराचे गाठोडे उचलावे, असा हा न्याय. शिकावयास आलेल्या माणसाचे पुस्तक आणि घोडा असा कोणाच्या तरी कर्जापायी जात असे.

विद्यार्थ्यांनी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाकडे दाद मागितली. त्याने एक फर्मान काढले, ते ११५८ साली रोंकालियाच्या सभेत जाहीर झाले. त्याच्या पहिल्या शब्दावरून त्याला ‘हबिता’ म्हणतात. विद्येसाठी देश सोडणाऱ्यांना निर्वेध प्रवास करता यावा, दुसऱ्याच्या कर्जासाठी त्यांना धरू नये, आणि त्यांच्यावर फिर्याद झाल्यास ती त्यांच्या गुरूपुढे किंवा बिशपापुढे चालावी, असे त्यात होते. परदेशी विद्यार्थ्याच्या हक्कांची सनद म्हणून जे काही दाखविता येईल, त्यात हे फर्मान अग्रभागी ठेवावे लागेल.

फर्मान सम्राटाचे होते, पण सम्राट राही आल्प्सच्या पलीकडे, आणि घरमालक राही जिन्याखाली. फर्मानाची अंमलबजावणी करणारे कोणी पाहिजे होते. विद्यार्थ्यांनी ते स्वतःच उभे केले. त्या काळी शिंपी, सुतार, लोकरीचे व्यापारी यांचे संघ असत. अशा कोणत्याही संघाला लॅटिनमध्ये ‘युनिव्हर्सितास’ हाच शब्द होता. बोलोन्याच्या परक्या विद्यार्थ्यांनी आपली युनिव्हर्सितास केली. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा दोन झाल्या होत्या : एक आल्प्सपलीकडून आलेल्यांची, दुसरी इटलीतल्याच पण बोलोन्याबाहेरच्या विद्यार्थ्यांची. बोलोन्याच्या रहिवाशांना तीत प्रवेश नव्हता; त्यांना नागरिकत्वाचे संरक्षण होतेच, मग संघटना कशाला? आज आपण ज्याला विद्यापीठ म्हणतो, भव्य कमानीचे, घुमटाचे, कुलगुरूंचे, त्याचे हे मूळ नाव. इमारतीला नव्हे, शिकविण्याला नव्हे, तर परक्या विद्यार्थ्यांच्या युनियनला दिलेले नाव! हे प्रथम वाचले त्या रात्री आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ नुसतेच बसलो होतो.

या युनियनचे नियम ऐकून सभागृहातील प्राध्यापक मंडळींनी आमच्यावर रागावू नये. ते आमचे नव्हेत, १३१७ च्या लेखी नियमावलीतले आहेत. संघाचा प्रमुख विद्यार्थ्यांतून निवडला जाई आणि प्राध्यापक त्याच्या आज्ञेत वागण्याची शपथ घेई. एक दिवसाचीही रजा विनापरवाना घेता येत नसे. गावाबाहेर जावयाचे असेल तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे. घंटा होताच व्याख्यान सुरू, पुढली घंटा होताच बंद; उशीर झाला तर दंड, लांबविले तर दंड. अवघड प्रकरण गाळून पुढे जाण्यास बंदी. आणि नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापक गैरहजर समजून दंड करावा! (वसंत व्याख्यानमालांना हा नियम लागू नाही, हे वक्त्यांचे भाग्य.)

पण आमच्या मते या संघाची खरी कर्तबगारी प्राध्यापकांना धाक घालण्यात नव्हती. ती घरभाड्यात होती. परके विद्यार्थी गावात उतरले की खोल्यांचे आणि जिनसांचे भाव चढत. संघाने नगराशी ठरवून भाडे आकारणारे पंच नेमले. पंचांनी ठरविलेले भाडे जो घरमालक मानणार नाही, त्याच्या घरात कोणीही विद्यार्थी राहावयाचा नाही. बहिष्कार म्हणजे बहिष्कार.

हे बळ आले कोठून? त्या विद्यापीठाला इमारत नव्हती. व्याख्याने भाड्याच्या खोल्यांत किंवा गुरूच्या घरी होत, पुस्तके मोजकी असत. जे विद्यापीठ माणसांच्या पायांवर उभे आहे ते चालतही जाऊ शकते. १२२२ साली बोलोन्याचे विद्यार्थी आणि अध्यापक उठून पादुआला गेले आणि तिथे विद्यापीठ उभे राहिले. १३२१ साली एका विद्यार्थ्याला देहान्त शासन झाले तेव्हा मोठा जमाव सिएना नगरात गेला. गिरणीमालक यंत्रे उचलून दुसऱ्या राज्यात नेतो आणि कामगार मागे राहतो, असे आपण पुष्कळ पाहिले. इथे उलट होते. जाण्याची धमकी विद्यार्थ्याच्या हातात होती, आणि खाणावळवाला, घरमालक, लेखणी-चर्मपत्र विकणारा असे सगळे गाव धास्तावत असे.

हा डोलारा कालांतराने खाली आला. प्राध्यापकाला विद्यार्थी जी फी देत, तिच्या जागी नगराने तिजोरीतून पगार देण्यास सुरुवात केली. ज्याच्या हातून पगार त्याच्या हाती दोरी. एकदा पगार नगराचा झाल्यावर शपथा आणि दंड नियमावलीत राहिले, पण धाक गेला. शिवाय ही संघटना काही आदर्श होती असेही नाही. तिच्यात स्त्रियांना जागा नव्हती, गरीब फार थोडे होते. पण परक्या माणसाला संघटित झाल्याखेरीज हक्क मिळत नाहीत, हे तिने दाखविले.

पॅरिसला चाल वेगळी होती. तिथे संघ अध्यापकांचा होता. तेथील १२२९ ची हकीकत संपाच्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे. शिमग्यासारखा त्यांचा एक सण असतो, उपासाच्या पर्वाआधीचा. त्या दिवसांत काही विद्यार्थी एका गुत्त्यात गेले आणि बिलावरून बाचाबाची झाली. गुत्तेवाल्याच्या शेजाऱ्यांनी पोरांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी ती दांडकी घेऊन आली आणि गुत्त्याची नासधूस करून गेली. राज्यकारभार पाहणारी राजमाता ब्लांश हिने शिक्षेचा हुकूम दिला. शिपाई सुटले, आणि कित्येक विद्यार्थी ठार झाले.

अध्यापकांनी व्याख्याने बंद केली. दोन वर्षे! विद्यार्थी आणि अध्यापक पांगले. कोणी ऑर्लेआंला गेले, कोणी आंजेला, कोणी समुद्र ओलांडून ऑक्सफर्डला. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्यांना खास आमंत्रण पाठविले. विद्यार्थी आले म्हणजे त्यांच्यामागून पैसा येतो, हे तो जाणून होता. तुलूझला नवेच विद्यापीठ निघाले होते. त्याने तर जाहिरातवजा पत्र फिरविले : येथे स्वस्ताई आहे, आणि पॅरिसला बंदी असलेले ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ येथे ऐकावयास मिळतात. परदेशी विद्यापीठांचे दलाल आपल्या जिल्ह्याच्या गावांतल्या हॉटेलांत मेळावे भरवितात, त्यांचा हा पूर्वज. फरक इतकाच की तुलूझने न दिसणारी वसुली लावली नव्हती.

अखेर पोप नववा ग्रेगरी मध्ये पडला. तो स्वतः पॅरिसला शिकलेला. १३ एप्रिल १२३१ रोजी त्याने जे आज्ञापत्र काढले त्यात अध्यापकांना आपले नियम करण्याचा हक्क दिला, आणि विद्यार्थ्याची हत्या झाली, इजा झाली, किंवा खोल्यांचे भाडे ठरविण्याचा अधिकार हिरावला गेला, तर दाद लागेपर्यंत व्याख्याने बंद ठेवण्याचा हक्कही दिला. म्हणजे संपाचा हक्क लेखी मिळाला, आणि त्याच्या कारणांत खुनाच्या शेजारी घरभाडे लिहिलेले आहे. ज्याने कधी भाड्याची खोली शोधली नाही त्याला ही दोन कारणे एका ओळीत विचित्र वाटतील.

या सत्ताकारणाच्या आत एकट्या विद्यार्थ्याचे हाल काय असत, याचा पुरावा एका मजेदार जागी सापडतो. त्या काळी पत्रलेखन शिकविणाऱ्या पुस्तकांत नमुन्याची पत्रे असत. त्यांत मुलाने घरी पैसे मागण्याच्या पत्रांचे नमुने भरपूर. गाव महाग आहे, खोलीचे भाडे द्यावयाचे आहे, पुस्तके घ्यावयाची आहेत. आणि बापाच्या उत्तराचाही नमुना असे : तू अभ्यास सोडून गाणीबजावणी करतोस असे कानावर आले आहे. नमुना छापील पुस्तकांच्याही आधी तयार होतो याचा अर्थ मागणी मोठी असली पाहिजे.

राजांना मात्र ही ये-जा फार दिवस रुचली नाही. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२२४ साली नेपल्सला विद्यापीठ काढले आणि आपल्या तेथील प्रजेला बाहेर शिकावयास जाण्याची मनाई केली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५९ साली मोजकी ठिकाणे सोडून परदेशी विद्यापीठे आपल्या प्रजेला बंद केली. त्याला पाखंडाची भीती होती. पुढे राष्ट्रे झाली, प्रत्येकाची पदवी वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, भाषा वेगळी. लॅटिनचे सामायिक चलन गेले. विद्यार्थी परदेशी जात राहिले, पण तिथे केलेले इथे धरण्याची सोय उरली नाही. अमेरिकेत १९२३ च्या जुलैत डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी रोशांबो नावाच्या बोटीने फ्रान्सला गेले. तेथील वर्ष त्यांच्या पदवीत धरले जावयाचे होते. ही कल्पना कर्कब्राइड नावाच्या, महायुद्धात लढून आलेल्या तरुण प्राध्यापकाची. आठ माणसांची ही तुकडी लहान खरी, पण रकाना उघडला होता.

आपल्याकडच्या एका विद्यार्थ्याला इथे वगळून चालणार नाही. भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. मोबदल्यात बडोदे सरकारची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी स्नेह्याबरोबर ते राहिले. ज्या देशात त्यांचे कोणी नव्हते, तिथे खोली मिळाली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा दिली. झालेले काम पुसले गेले नाही. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

मात्र मधल्या काळात, १९१७ मध्ये, कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाल्यावर काय घडले? कचेरीतले शिपाई कागदपत्रे हातात न देता टेबलावर टाकीत. आणि गावात राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव सांगून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला आणि सामानासकट बाहेर काढले. कोणीही आसरा दिला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा विसरच पडला होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. बोलोन्यातला जर्मन विद्यार्थी निदान परक्या गावी परका होता. हा विद्वान आपल्या देशात, ज्याच्या पैशाने शिकला त्याच संस्थानात परका ठरला. परदेशी मिळविलेले ज्ञान घरी धरले जाते की नाही, हा प्रश्न नुसत्या गुणपत्रिकेचा नाही, तो इथे उघडा पडतो. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईत जो संप झाला, त्याच्या अग्रभागी हाच माणूस होता, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो.

आता रोमला परत येऊ. त्या अपमानानंतर कोर्राडीबाईंनी पुढे शिक्षणशास्त्राचा मार्ग धरला. त्या प्रौढशिक्षणाच्या प्राध्यापिका झाल्या. इटालियन विद्यापीठांच्या कुलगुरूंची एक स्थायी परिषद आहे, तिच्या त्या सल्लागार होत्या. १९६८ साली युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि कुलगुरूंचे कान थोडे उघडे झाले. ती संधी साधून १९६९ मध्ये बाईंनी एक टिपण तयार केले. विद्यार्थ्याने जाण्यापूर्वीच परदेशी काय शिकणार याचा आराखडा द्यावा, आपल्या विद्याशाखेने तो मंजूर करावा, आणि परतल्यावर ते सर्व धरावे. बस्स, एवढेच. पण यातले मर्म ‘जाण्यापूर्वी’ या शब्दात आहे. आधी काम करून मग मजुरी मागणारा माणूस मालकाच्या मर्जीवर असतो. आधी करार करून कामाला लागणारा असत नाही. आम्हांला हे शिकावयास बरेच संप लागले. बाईंना एका खिडकीवर उमगले.

टिपणापासून कायद्यापर्यंत १८ वर्षे लागली. सभा, पत्रे, परिषदा. ज्यांनी असले काम केले आहे त्यांना ती वर्षे कशी जातात हे माहीत आहे. १९७६ मध्ये युरोपीय समाजाच्या शिक्षणमंत्र्यांनी दोन देशांच्या विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम चालवावेत असा ठराव केला, तो प्रयोग दहा वर्षे चालला. मग युरोपीय आयोगाने मोठी योजना मांडली, तर मंत्र्यांनी पैशावरून ती अडविली. ज्या मोठ्या राष्ट्रांच्या स्वतःच्या योजना होत्या त्यांना ही नको होती. रक्कम इतकी छाटली की १९८६ च्या डिसेंबरात आयोगाने प्रस्तावच मागे घेतला. वाटाघाटीत टेबलावरून उठणे कधी उठावे हे ज्याला कळते तोच पुढारी; त्या वेळचे आयुक्त मानुएल मारिन यांना ते कळले असे म्हणावे लागेल. दरम्यान फ्रांक बियांशेरी नावाच्या फ्रेंच तरुणाने १९८५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांची संघटना उभी केली होती. तिच्या प्रतिनिधींनी फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांची गाठ घेऊन योजनेला त्यांचे बळ मिळविले. पुन्हा परक्या गावी जाऊ इच्छिणाऱ्यांची युनिव्हर्सितास!

१५ जून १९८७ रोजी निर्णय झाला. तीन वर्षांसाठी ८ कोटी ५० लाख एकू, म्हणजे युरोच्या आधीचे हिशेबी चलन, मंजूर झाले. आयोगाने मागितले होते त्याच्या जवळपास निम्मे. योजनेला नाव दिले इरास्मस. इंग्रजी आद्याक्षरे जुळविलेली आहेत, पण रोख रॉटरडॅमच्या इरास्मसकडे. हा पंडित पॅरिसला शिकला, केंब्रिजला शिकवून आला, तुरीनची पदवी घेतली आणि १५३६ मध्ये बाझेलला वारला. पॅरिसच्या वसतिगृहातल्या सडक्या अंड्यांबद्दल त्याने जन्मभर राग धरला होता, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी व्हावयास तो सर्वस्वी लायक होता.

पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. १९८९ पासून अभ्यास मोजण्याचे सामायिक माप प्रयोगादाखल सुरू झाले : पूर्ण वर्षाचे श्रेयांक ६०, सत्राचे ३०. विद्यार्थी निघण्यापूर्वी करार होतो, त्यावर विद्यार्थ्याची, घरच्या विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. आतापर्यंत दीड कोटीहून अधिक माणसे या योजनेतून जाऊन आली. त्यांत शिक्षक आहेत, आणि आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते ते हे की, धंदेशिक्षण घेणारे उमेदवारही आहेत. सुताराच्या, वायरमनच्या पोराला परदेशी सत्र मिळावे यात काय वावगे आहे? तीही विद्याच आहे.

म्हणून सगळे ठीक झाले असे नाही. विद्यावेतन जाणाऱ्याच्या खर्चाला पुरत नाही. उरलेले घरून आणावे लागते, आणि घरी नसेल तर जाता येत नाही. रकाना सर्वांना उघडा, तिकीट काहींनाच. गरीब घरच्यांसाठी अलीकडे जादा मासिक रक्कम ठेवली आहे, ती मागण्यावाचून मिळालेली नाही. आणि हक्क जितका लिहून घेतला तितकाच टिकतो. २०१४ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडने परदेशातून येणाऱ्या लोकांवर मर्यादा घालण्याच्या बाजूने मत दिले आणि त्या वर्षी त्या देशाचे विद्यार्थी योजनेबाहेर पडले. २०२० च्या अखेरीस ब्रिटन बाहेर पडला. मतपेटीत विद्यार्थ्याविषयी प्रश्न नव्हता. पण दार त्याचे बंद झाले.

आपल्या देशातही २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी स्थापन झाली, एका विद्यापीठात कमावलेले दुसऱ्यात जमा व्हावे म्हणून. कल्पना चांगली आहे. मात्र पेढीतली ठेव खिडकीवर वटते की नाही, हे विद्यार्थ्यांनी संघटितपणे पाहावे. एकेकट्याने विचारले तर उत्तर काय मिळते, ते सोफियाला १९५८ मध्ये मिळाले होते.

कोर्राडीबाईंना २०१६ मध्ये स्पेनमध्ये राजाच्या हस्ते मोठा युरोपीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर सात वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, मिलानच्या तंत्रविद्यापीठासमोर एका विद्यार्थिनीने तंबू ठोकला. कारण खोलीचे भाडे परवडत नव्हते. थोड्याच दिवसांत इटलीतल्या इतर विद्यापीठांतही तंबू उभे राहिले. रोमला ते ला सापियेन्झाच्याच आवारात, विद्येची देवता मिनर्व्हा हिच्या पुतळ्याशी लागले. भाडे ठरविणारे पंच नेमावेत, या १३१७ च्या नियमाची त्या पोरांना माहिती होती की नाही कोण जाणे. मागणी मात्र तीच होती.